बडग्यावरची छत्री

एवढं मोठं डोकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चांगलं माणसाएवढं उंच, कागदाचं, केस अजून न चिकटवलेलं, आणि कान एकच. श्रावणातली सर अचानक आली म्हणून वह्या छातीशी धरून मी जुन्या मंगळवारीतल्या त्या टिनाच्या मांडवात शिरले, वेणीतलं पाणी झटकलं, आणि तेवढ्यात ते डोकं बोललं.

"जरा बाजूले सरका ना. कान वाळून राह्यला इथं."

मी किंचाळले. हातातली वही खाली पडली. डोकं एका बाजूनं उचललं गेलं आणि त्याच्या खालून एक माणूस बाहेर आला. पंचविशीतला असेल. कोपरापर्यंत खळ माखलेली, केसांत कागदाचे कपटे, आणि डोळे... डोळ्यांत नुसतं हसू.

"काहून भेल्या? बडग्या कधी पाह्यला नाही काय?"

"मी नागपूरची आहे," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "तुमच्या आधीपासून पाहते आहे बडगे."

"माह्या आधीपासून? मंग वय बरंच असन तुमचं. दिसत नाही पन."

आता याला काय म्हणावं! मी रागानं बाहेर पाहिलं, तर पाऊस आणखी वाढला होता. जाणार कशी?

नागपूरकराला बडग्या सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, आणि मोठ्या अभिमानानं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावाची इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या बायकांचे पुतळे. मारबतीबरोबर निघतात बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं ज्यानं छळलं त्याचे बांबू-कागदाचे पुतळे. सगळं शहर रस्त्यावर येतं, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून घसा फोडतं, आणि गावाबाहेर नेऊन ते पुतळे जाळून टाकतं. म्हणून आमच्याकडे कुणाला बडग्या म्हणणं म्हणजे भांडणाला आवतण. साल होतं चौऱ्याहत्तर. त्या साली छळणारी एकच होती, महागाई.

त्यानं माझी वही उचलली. नेमकं तेच पान उघडं होतं ज्यावर आमच्या सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "नीला, एवढी कमळं! तू कमळ कधी पाहिलंस?"

मी वही हिसकावली. कानाच्या पाळ्या तापल्या. "एम. ए. मराठीला आहे मी. सरांनी दहा रूपकं मागितली होती. आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली."

"मंग?"

"मग काय... चार कमळं झाली, तीन चंद्र, आणि उरलेल्या तिन्हींत हरिणी."

तो एवढा हसला की हातातली खळ त्या बडग्याच्या नाकावर सांडली. मीही हसले. हसू आवरलंच नाही.

"एमेबाई," तो म्हणाला, "कमळ त मी पन नाही पाह्यलं. साडीच्या काठावर विनतो तेवढंच. पन हे सांगा, महागाई काढायची त कशी काढान तुमी?"

"राक्षसीण. दहा हात, मोठे सुळे..."

"दहा हाताची महागाई कोनी पाह्यली? मी त रिकामी पिशवी पाह्यली."

दोन वर्षं वर्गात बसून मला जे कळलं नव्हतं, ते हा खळ माखलेला माणूस सहज बोलून गेला होता आणि पुन्हा कान चिकटवायला लागला होता.

त्याचं नाव मोरेश्वर पौनीकर. घर कोष्ट्यांचं. दिवसभर हातमागावर बसायचा आणि श्रावण लागला की संध्याकाळी बडग्यात हात घालायचा. मी दुसऱ्या दिवशी गेले ती छत्री विसरले का पाहायला. माझ्याजवळ छत्री नव्हतीच. तिसऱ्या दिवशी निमित्तही शोधलं नाही.

"आज काय आनलं?" तो विचारायचा. रोज एक आपलं, पाहिलेलं रूपक न्यायचं असं ठरलं होतं आमचं.

"इतवारीतला घड्याळवाला," मी सांगितलं. "त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, आणि तो शेजाऱ्याला विचारतो, किती वाजले."

"मंग हे काय झालं?"

"आमचं घर झालं. सगळे बोलतात, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही."

"वा, बाप्पा! हे खरं हाय." आणि मग तो आपलं सांगायचा. त्यानं मला त्याच्या घरचा माग दाखवला. विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो, कमरेपासून वरचाच काय तो दिसतो. "माह्या बापाले मी लहानपनापासून असाच पाह्यला," तो म्हणाला. "अर्धा जमिनीत, अर्धा वर. झाडच म्हना ना. पाहुनं आलं तरी उठायचा नाही, म्हनायचा, माहं मूळ इथं हाय." हे सांगताना त्याची मान जरा उंच झाली होती. बापाबद्दल असं बोलणारा मुलगा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी माझ्या बापाबद्दल त्याला काही सांगितलं नव्हतं.

माझे बाबा दत्तोपंत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. गळ्याचं बटण कधी उघडं नाही, आणि बारा महिने हातात काळी छत्री. रविवारी मी त्यांच्याबरोबर कॉटन मार्केटात भाजीला जायची. ते प्रत्येक ढिगापाशी थांबायचे, भाव विचारायचे, पुढे जायचे, पुन्हा विचारायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कॉलेजातलं कुणी पाहिलं तर? मी आपली दहा पावलं मागं चालायची, जशी काही त्यांची कुणी नव्हेच. बाबांना ते कळत होतं का, देव जाणे.

मांडवात मात्र मी भलतीच खुशीत असायची. एकदा त्यानं मला कामट्या धरायला सांगितल्या आणि तो सुतळी बांधत होता.

"झाली घट्ट?" मी विचारलं.

"झाली."

"मग सोडा ना हात."

"मी कुठं धरला? तुमीच धरून राह्यल्या."

पाहिलं तर खरंच मीच धरला होता. पिवळा रंग माझ्या बोटांना लागला तो तीन दिवस गेला नाही. खरं सांगायचं तर मी घासलाच नाही.

बडग्या तयार होत आला. तेलाच्या डब्यावर बसलेली ढेरपोटी महागाई, गालात गाल रुतलेले, हसणारी. "पायापाशी अजून एक मानूस बसवायचा हाय," मोरेश्वर म्हणाला. "कॉटन मार्केटात पाह्यला. असा मानूस, एमेबाई... पूर्ण झाला का दाखवतो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारच्या इंदुताई धापा टाकत घरात आल्या. बाबा पेपर वाचत होते.

"अहो दत्तोपंत, मंगळवारीत तुमचा बडग्या काढलाय! बाहेर वाळत ठेवलाय. तोच चष्मा, तीच छत्री काखेत, आणि हातात रिकामी पिशवी! महागाईच्या पायाशी बसवलंय तुम्हाला. लोक जमून हसतायत."

बाबांनी पेपराची घडी घातली. इंदुताई गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस मी कुठं जात होते हे त्यांना ठाऊक होतं, एवढं मला त्या नजरेवरून कळलं.

"माझी रिकामी पिशवी त्यांना तू दाखवलीस?"

"नाही हो बाबा! शपथ घेऊन सांगते..."

"तीस वर्षं मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही मी, नीले. उद्या-परवा गाव मला इडा-पिडा म्हणून जाळणार." एवढंच बोलले आणि आतल्या खोलीत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी चपला पायांत घातल्या न घातल्या आणि निघाले. मांडवासमोर खरंच बाबा होते. कागदाचे. खांदे तेच, गळ्याचं बटण तेच. मोरेश्वर त्यांच्या चष्म्याला काळा रंग देत होता. मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"पाह्यला? हाच तो..."

"हे माझे बाबा आहेत."

त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"लाज नाही वाटली एका सज्जन माणसाची चेष्टा करायला? माझ्या तोंडावर गोड बोलता, आणि माझ्याच बापाला..."

"चेष्टा?" तो उभा राहिला. "चेष्टा नाही केली मी. आईची आन. तुमी मांडवात यायच्या आधीच्या रविवारी यायनं फुलकोबीचा भाव विचारला. भाजीवाला दात काढून हसला. यायनं काय केलं? रिकाम्या पिशवीच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवली, छत्री उघडली आन असे ताठ निंगाले... जसं काही त्यायनंच फुलकोबीले नाही म्हटलं. मी मांगं मांगं चाललो पार पुलापर्यंत. मले वाटलं, राजा चालला. त्या दिवसापासून मले दुसरं कोनी दिसतच नाही."

मी तिथंच मांडवाच्या बांबूला टेकले. त्या रविवारी मी होते तिथं. दहा पावलं मागं. मला फुलकोबी दिसली होती, भाजीवाल्याचं हसणं दिसलं होतं, आणि कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. राजा मला दिसला नव्हता.

बराच वेळ मी रडले.

"मग राजाला जाळायला का बसवलं?" मी शेवटी विचारलं.

त्यानं पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "हे त... हे त ध्यानातच नाही आलं. मले महागाईनं काय केलं ते दाखवायचं होतं. बडग्यावर जे बसते ते जळते, हे लहान लेकराले ठाऊक असते. आन मी..." तो मटकन खाली बसला. "आत्ताच तोडतो. आत्ताच."

त्यानं कोयता उचलला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा!"

सरांनी वर्षभर जे शिकवलं ते त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या कामाला आलं. चित्र तेच असतं, पण त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो.

"तोडू नका. त्यांना पायाशी नका बसवू. उठवा. महागाईच्या मागं उभं करा, हात वर, हातात छत्री. हाकलताहेत तिला गावाबाहेर. बडग्या ती एकटी. बाबा तिला घालवायला निघालेत, आपल्या सगळ्यांच्या वतीनं."

मंडळाचे म्हातारे प्रमुख नत्थूजी तंबाखू मळत ऐकत होते. "असं कधी झालं नाही, पोरी," ते म्हणाले. "बडग्याच्या मांगं कोनी उभं नसते."

"मागं सगळं नागपूर उभं असतं, नत्थूजी. आम्ही फक्त एकाला गाडीवर चढवतो आहोत."

नत्थूजींनी तंबाखू तोंडात टाकला. "पोरगी बोलते बरी," ते मोरेश्वरला म्हणाले. "कर मंग. पाहून काय राह्यला?"

दुसऱ्या दिवशी पोळा होता. दारोदार तोरणं, बैलांच्या शिंगांना बेगड. मी बाबांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते, सणाचा कोट खुंटीवर तसाच होता.

"बाबा, उद्या मारबत पाहायला चला."

"माझी शोभा पाहायला?"

"बाबा," मी त्यांच्या पायाशी बसले, "लाज मला वाटत होती तुमच्या पिशवीची. मला, तुमच्या मुलीला. दहा पावलं मागं चालत होते मी. त्या मुलाला नाही वाटली. त्याला तुम्ही ताठ चालताना दिसलात. मला ते त्याच्याकडून कळावं लागलं, याची आता लाज वाटते."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

"ठाऊक होतं मला, तू मागं चालतेस ते," ते हळूच म्हणाले. "मी म्हणायचो, पोरीला चपला टोचत असतील."

उठताना मी खुंटीवरचा कोट झटकून ठेवला.

मारबतीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्या, ओटे, झाडं, माणसंच माणसं. ढोल कानांत बसले होते. भुरभुर पाऊस होता आणि त्याची कुणाला पर्वा नव्हती. आमची गाडी वळणावर आली तशी मी टाचा उंचावल्या. पुढं डब्यावर बसलेली ढेरपोटी महागाई आणि तिच्या मागं कागदाचे दत्तोपंत, गळ्याचं बटण लावलेलं, हात वर. लोकांना सांगावं लागलं नाही. पाहताक्षणी आरोळी उठली, "हाकला काकाजी, हाकला! महागाई घेऊन जा गे मारबत!"

पण पावसानं घोळ केला होता. हातातली कागदाची छत्री भिजून पार लोंबत होती. मोरेश्वर गाडीवर चढून ती सावरत होता, ती पुन्हा पडत होती. एवढं सगळं करून बाबा हातात चिंधी धरून दिसणार?

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सणाचा कोट, काळी टोपी, गळ्याचं बटण. बाबा सरळ गाडीपाशी गेले. लोकांनी एकदा गाडीवरच्या दत्तोपंतांकडे पाहिलं, एकदा खालच्या, आणि ढोल थांबले.

बाबांनी आपला पुतळा खालपासून वरपर्यंत न्याहाळला, साहेबाची फाइल तपासावी तसा.

"कोण पौनीकर?"

"मी, काकाजी," मोरेश्वर गाडीवरूनच म्हणाला.

"हे छत्री धरणं झालं? मी अशी धरतो?"

आणि बाबांनी आपली छत्री, जिला आम्हा मुलांनासुद्धा हात लावू देत नसत, ती वर केली. "ही घे. आणि नीट बांध. पडता कामा नये."

जो काही जल्लोष झाला! ढोलवाल्यांनी ढोल फोडायचेच बाकी ठेवले. मोरेश्वरनं कागदाच्या मुठीत ती छत्री बांधली, आणि गाडी हलली. बाबा गाडीच्या बाजूनं चालू लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" येणाऱ्या-जाणाऱ्याला मला सांगावंसं वाटत होतं, हे माझे बाबा. आणि तो वर त्यांची छत्री सावरत उभा आहे ना, तो... तो कोण हे मी अजून सांगू शकत नव्हते.

महागाई त्या दिवशी गावाबाहेर जळाली. कागदाचे बाबा गाडीवरून सुखरूप परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस नुसता कोसळत होता. दाराची कडी वाजली. मोरेश्वर. नखशिखांत भिजलेला, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबांची छत्री, कोरडी ठणठणीत.

"अरे, हातात छत्री असून भिजलास?" बाबा म्हणाले.

"काकाजी, तुमची वस्तू. तुमाले न विचारता कशी उघडू?"

आईनं पंचा आणून दिला. बाबांनी त्याला बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाण्याचं थारोळं झालं खाली.

"छत्रीच द्यायला आला होतास की आणखी काही?"

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग घसा खाकरला. "काकाजी, असं हाय का... मागावरचा धोटा जसा इकडून तिकडं जाते, तसं माहं मन..."

"रूपक नको," मी दारातून म्हटलं. "सरळ सांगा."

तो उठून उभा राहिला. "मले नीलासोबत लग्न करायचं हाय. तिच्या मनात असन त. आमी कोष्टी, तुमी बाम्हन, हे मले ठाऊक हाय. घरी माग हाय, हातात काम हाय. आन ती मले लय आवडते."

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तुझ्या मनात?"

दोन वर्षं एम. ए. केलं मी. आणि त्या वेळी एकच शब्द बोलले. "आहे."

"लोक बोलतील," आई हलकेच म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बोलू दे. बडग्याच्या गाडीवर चढून आलेला माणूस मी. आता लोकांचं काय भय?" मग त्यांनी ती छत्री उचलली आणि मोरेश्वरच्या हातात दिली. "पाऊस आहे. घेऊन जा. उद्या संध्याकाळी परत आणून दे. वडलांना घेऊन ये."

मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. त्यानं छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"कोपऱ्यापर्यंत येतं काय वं?"

पहिल्यांदाच "तुमी" सोडून मला "वं" म्हणाला, आमच्याकडे घरच्या बाईमाणसाला म्हणतात तसं. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघड्या होत्या, इंदुताई तर ओट्यावरच येऊन उभ्या होत्या.

"येते," मी म्हटलं, आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले, एक पाऊलही मागं नाही.

मागून बाबांचा खणखणीत आवाज आला, "अरे पौनीकर, छत्री सरळ धर! ती भिजते आहे!"